कोल्हापूरहून कोकणच्या कड्या-सड्यांवर: देवगड ते कुणकेश्वर किनारा पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

आपल्या कोल्हापुरात चालणाऱ्यांची कमी नाही. आषाढात पन्हाळा-पावनखिंडीला भर पावसात, गुडघाभर चिखलातून हजारो माणसं जातात. जोतिबाला चालत जाणारी घरं तर गल्लोगल्ली आहेत. पण हीच माणसं गगनबावड्याच्या खाली उतरली की थेट हॉटेल, मासे आणि वाळू एवढ्यावर थांबतात. समुद्राला खेटून उभे असलेले जांभ्याचे कडे, त्यांच्या माथ्यावरचे उघडे सडे आणि दोन कड्यांच्या मध्ये दडलेल्या छोट्या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, पायी बघायच्या असतात हे कुणी सांगतच नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला आम्ही चौघं डोंगराच्या सवयीनं किनारा चालायला गेलो आणि अडकलो. त्यानंतर अनेक हिवाळे जातोय, म्हणून हे सगळं नवीन माणसासाठी क्रमानं लिहितोय.

पहिल्या खेपेसाठी मी देवगड ते कुणकेश्वर हाच टप्पा सुचवेन. सात-आठ किलोमीटरचं अंतर आहे. पुळण, कडा, खाडी आणि सडा सगळं त्यात येतं. मुख्य म्हणजे रस्ता कधीच फार लांब नसतो, त्यामुळे मधेच सोडून द्यावं लागलं तरी माणूस अडकत नाही.

१. आधी जमीन ओळखा: सडा म्हणजे काय, कडा म्हणजे काय

मसाई पठार बघितलंय ना? वर सपाट, झाडं नाहीत, पावसाळ्यानंतर फुलं, उन्हाळ्यात नुसता काळपट-तांबूस दगड. कोकणचा सडा त्याच जातीचा, जांभा दगडाचा. फरक इतकाच की मसाईच्या कडेला उभं राहिलं की खाली दरी दिसते आणि इथे खाली लाटा.

हा जांभा नीट समजून घ्या, कारण पुढचे अर्धे धोके त्यातूनच येतात. उघड्यावर, वाऱ्या-उन्हात जांभा घट्ट होत जातो, म्हणून सड्याचं वरचं कवच टणक असतं. त्याखाली मात्र मऊ, पांढरट-तांबूस मातीसारखा थर असतो. लाटा आणि पावसाचं पाणी तो थर आधी खातात. परिणामी कड्याची वरची कड पुढे आलेली आणि खालून पोकळ झालेली असते. वर उभं राहून ते दिसत नाही. म्हणून सड्याच्या कडेपासून निदान दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर सोडूनच चालायचं. पाय सोडून बसून फोटो काढायची जागा ही नव्हे. पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या महिन्यात तर नव्हेच, तेव्हा आत मुरलेलं पाणी अजून बाहेर पडत असतं.

सड्यावरचा दगड खरखरीत असतो, भोकाभोकांचा. पडलात तर तळहात सोलून निघतो आणि पातळ तळाचे बूट एका दिवसात फाटतात.

२. महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. याच्या अलीकडे-पलीकडे पहिल्या खेपेला जाऊ नका.

जून-जुलैत सडा अप्रतिम दिसतो हे खरं. दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात, कातळाच्या खोलगटात पाणी साचतं. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद आणि सीतेची आसवं येतात. पण तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि शेवाळानं कातळ साबणासारखा होतो. तो सोहळा बघायचा असेल तर फक्त वरून, वाटेवरून बघा. कड्याखाली उतरायचं नाही. मार्चनंतर उन्हाचा प्रश्न, शिवाय आंब्याचा हंगाम. त्याविषयी पुढे सांगतो.

३. तिथी बघा, मगच सुट्टी टाका

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

डोंगर चालताना आपण वेळ चढावर मोजतो. किनारा चालताना वेळ समुद्र ठरवतो. जी पुळण सकाळी आठ वाजता पन्नास पावलं रुंद असते ती दुपारी कड्याला चिकटून पाण्याखाली गेलेली असू शकते. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. रोज भरतीची वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते.

कोकणात जुनी माणसं यासाठी तिथीचा हिशेब करतात आणि तो कुणीही शिकू शकतो. तिथीचा आकडा तीननं गुणायचा आणि चारनं भागायचा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. उदाहरणार्थ चतुर्थी. चार त्रिक बारा, बारा भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि पहाटेही तीनच्या आगेमागे. दोन्हींच्या मध्ये, सकाळी सव्वानऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन मोजायचं.

हा अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, कारण तिथी मध्येच बदलते आणि जागेनुसारही फरक पडतो. म्हणून घरी कॅलेंडरवरून दिवस ठरवा, मग फोनवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा आणि आदल्या संध्याकाळी बंदरावर एखाद्या काकांना विचारून पक्कं करा. तिन्ही जुळलं की निर्धास्त.

आता चालणाऱ्याच्या कामाचा भाग. आपल्याला सकाळी आठ ते दहाच्या मध्ये ओहोटी हवी. हिशेब केला तर तृतीया, चतुर्थी आणि पंचमी या तिथी बरोबर बसतात, मग शुद्ध असोत वा वद्य. पौर्णिमा-अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असल्यामुळे ओहोटीही चांगली खोल लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या या मोठ्या भरतीला उधाणाची भरती म्हणतात आणि अष्टमीच्या पुढे-मागे जी लहान असते ती भांगाची. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. आपल्याकडे कित्येकांचा उपवास असतो. उपवास करूनच चालायचं असेल तर राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर भरपूर घ्या. नुसत्या चहावर हे चालणं करू नका.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते पौर्णिमेला. चांदण्यात समुद्र बघायचा आणि सकाळी चालायचं, एवढाच विचार. सकाळी सातला देवगडहून निघालो. मिठमुंबरीची पुळण संपवून पुढच्या खडकांपाशी आलो तेव्हा नऊ वाजत आले होते. एक मावशी बादलीत कालवं (खडकाला चिकटणारे धारदार शिंपले) घेऊन परत येत होत्या, कमरेला कोयती. त्या म्हणाल्या, "आता फुडे जाव नको, पाणी चढता हा." आम्ही मान डोलावली आणि गेलो, कारण समोर पाणी घोट्याएवढंच दिसत होतं. अर्ध्या-पाऊण तासानं, पुढे वाट नाही म्हणून मागे फिरलो तर तेच पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि लाट आली की कमरेला लागत होतं. खालचा खडक दिसेनासा झालेला. एका मित्राचा पाय कालवांच्या धारेवर पडून तळव्याला लांब चीर गेली. हात धरून, एकेक लाट मोजत, आम्ही बाहेर आलो. काठावर आलो तर त्या मावशी अजून तिथेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. डोक्यावरचा फडका काढून त्यांनी त्याचा पाय बांधला आणि मग घरी गेल्या.

त्या दिवशी तिथीचा हिशेब मला माहीत असता तर कळलं असतं की सव्वाअकराची भरती आहे आणि आम्ही पाणी चढण्याच्या ऐन जोरात आत शिरतोय. भरती लागली की पहिल्या तासात पाणी जागचं हललंय असं वाटतच नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वात वेगानं चढतं. नवखा माणूस फसतो तो इथेच.

म्हणून नियम असा ठेवा: पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी चालायला लागायचं आणि ओहोटी होऊन एक तास झाला की खडकांवर कुणीही असायचं नाही. मधे कितीही सुंदर काही दिसलं तरी.

४. कागदपत्रं आणि परवानगी

किनारा चालायला परवाना लागत नाही. तरी हे जवळ ठेवा:

- आधार कार्ड किंवा दुसरं फोटोचं ओळखपत्र. घरगुती निवासातही नोंदीसाठी मागतात. एसटीत ज्येष्ठांच्या सवलतीलाही लागतं.
- सोबतच्या प्रत्येकाचं नाव, रक्तगट, घरचा नंबर कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत. फोन भिजला की त्यातलं काही उपयोगाचं नसतं.
- रोख पैसे, सुट्टे. कड्याखाली आणि वाड्यांमध्ये रेंज जाते, मग मोबाईलनं पैसे देता येत नाहीत.
- ११२ (पोलीस व तातडीची मदत), १०८ (रुग्णवाहिका) आणि १५५४ (तटरक्षक दल) हे नंबर पाठ.

ड्रोन नेणार असाल तर परवानगीचं आधी बघा. बंदरं आणि दीपगृहाजवळ तो उडवू नका.

५. सामान

बूट: जाड तळाचे, घोटा धरणारे. पाण्यात चालायला वेगळी पट्ट्याची सँडल, कारण अनवाणी चालून खडक पार करायचा नसतो. आमच्या मित्राचं काय झालं ते सांगितलंच.

पाणी माणशी तीन लिटर. डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर असतो. दहा-अकरा वाजता समुद्रावरून खारे वारे सुटले की घाम अंगावर राहत नाही, लगेच सुकतो, आणि आपल्याला तहान लागल्याचं कळत नाही. एकदम डोकं दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. बाटलीत मीठ-साखर घालूनच निघा. कोकम आगळ मिळालं तर त्याचं खारं सरबत सर्वांत उत्तम.

बाकी: पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण पँट (हाफ पँट नको, कारण पुढे), मोठ्या काठाची टोपी, काठी, शिट्टी, बॅटरी, चिकटपट्टी आणि जंतुनाशक. एक जादा कोरडा जोड. खायला भडंग, चपाती-चटणी, गुळाची ढेप, शेंगदाण्याचे लाडू. आपल्या घरात जे असतं तेच पुरतं, महागाची पाकिटं विकत घेऊ नका.

नकाशा रेंजशिवाय चालेल असा आधीच उतरवून घ्या, पण त्यातल्या पायवाटांवर विसंबू नका. कितीतरी वाटा नकाशात आहेत आणि जागेवर कुंपणात संपतात.

६. कोल्हापुरात सराव

दोन रविवार मसाई पठारावर चाला, तेही सकाळी नऊ ते बारा, मुद्दाम उन्हात. चढाची सवय आपल्याला असतेच. उघड्यावर, सावलीशिवाय, दगडावर चालण्याची नसते. नवे बूट याच दोन रविवारी पायात बसवून घ्या.

७. जायचं कसं

कोल्हापूर ते देवगड दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. दोन वाटा आहेत. एक गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी-तळेरे. दुसरी राधानगरी-दाजीपूर करून फोंडा घाटानं. गगनबावड्यापर्यंत पंचावन्न किलोमीटर, तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात. पावसाळ्यानंतर यांपैकी एखादा घाट दुरुस्तीसाठी बंद असणं नेहमीचं आहे, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बसस्थानकावर चौकशी खिडकीत स्वतः विचारा. एसटीनं चार-पाच तास धरा. कोल्हापूरहून कोकणात उतरणारी रेल्वे अजून नाही, तेव्हा तो विचार सोडा.

महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. आमच्या गटात एक आजोबा आहेत, ते दरवर्षी मोफत येतात आणि चालताना सगळ्यांच्या पुढे असतात.

रात्री निघून पहाटे पोहोचायचं आणि तसंच चालायला लागायचं, असं करू नका. आदल्या दुपारीच देवगड गाठा. संध्याकाळी बंदरावर जा, किल्ल्यावर दीपगृहाच्या बाजूला फिरा, भरतीची वेळ विचारून घ्या आणि झोपा. घाटातली झोपमोड आणि सकाळचा निसरडा खडक ही जोडी वाईट.

८. प्रत्यक्ष चालणं: सकाळी पुळण, दुपारी ओसरी, संध्याकाळी सडा

हा क्रम लक्षात ठेवा. पश्चिम किनारा असल्यामुळे सकाळी सूर्य डोंगरामागे असतो आणि कड्यांची सावली किनाऱ्यावर पडते. साडेनऊ-दहापर्यंत खालून चालणं म्हणजे सुख असतं. तृतीया ते पंचमीला नेमकी तेव्हाच ओहोटी. दुपारी भरती आणि ऊन एकत्र येतात, तेव्हा गावात सावलीला बसायचं. साडेतीननंतर सडा.

सकाळी सातच्या सुमाराला देवगडच्या किनाऱ्यावरून निघा. समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे. पुळणीच्या टोकाला टेकडी आडवी येते, जिच्यावर पवनचक्क्या दिसतात. टेकडीखालून खडकातून जाण्याचा मोह होईल. पहिल्या खेपेला नको, वरून जा. वर चढल्यावर मागे वळून बघा. एका बाजूला किल्ल्याचं टोक, मधे चंद्रकोरीसारखी पुळण, पायाखाली पवनचक्क्यांची सावली.

तिथून तारामुंबरीत उतरायचं. ही कोळ्यांची वस्ती. जाळी वाळत घातलेली असतात, त्यांवर पाय देऊ नका, ओलांडूही नका. बाजूनं जा. नंतर खाडीवरचा पूल. हा पूल होण्याआधी कुणकेश्वरला मोठा वळसा पडायचा. पुलावर दोन मिनिटं थांबून खाली बघा. ओहोटीत खाडीचं पाणी समुद्राकडे ज्या जोरानं ओढलं जातं ते इथे नीट दिसतं. एकदा हे बघितलेला माणूस खाडीच्या मुखात पाय घालत नाही. खाडी चालत पार करायची नाही, पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी. पूल, साकव नाहीतर होडी.

पुलापलीकडे मिठमुंबरी. लांब पुळण, काठाला सुरूची झाडं. वाळूत ओलसर पट्ट्यावरून चाला, पाय रुतत नाहीत. सकाळी इथे रापण चालू असेल तर थांबा. लांबलचक जाळं होडीनं समुद्रात सोडून दोन्ही टोकांनी पंधरा-वीस माणसं किनाऱ्यावरून ओढत असतात. दोर ताणलेला असताना तो ओलांडायचा नाही. हात लावू का असं विचारलं तर आनंदानं घेतात. मी पहिल्यांदा दोर धरला तेव्हा शेजारच्या काकांनी माझे हात उलटे करून दाखवले. ओढायचं ते हातांनी नाही, कमरेनं मागे झुकून, टाच वाळूत रोवून. अर्ध्या तासानं जाळं वर आलं, त्यात बांगडे, थोडी कोळंबी, एक पाकट. पाकटाच्या शेपटीला काटा असतो, म्हणून काकांनी आधी ते वेगळं काढलं. पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नका, घसटत न्या, असं ते म्हणाले ते याचसाठी. पाय घासला की पाकट आधीच सरकतं.

पुळण संपली की खडक लागतो. इथे घड्याळ बघा. ओहोटीनंतरचा एक तास उलटायला आला असेल तर डाव्या हाताला रस्ता आहे, त्यावर या आणि कुणकेश्वरला पोहोचा. वेळ असेल तर खडकातून जाता येतं. हिरवा खडक टाळा, काळा कोरडा धरा. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. सात लहान लाटांनंतर एक मोठी येते असं काही नसतं, मोठी लाट कधीही येते. खडकातल्या डबक्यांत हात घालू नका, नुसतं बसून बघा. पाच मिनिटं हललं नाही की खेकडे बाहेर येतात.

दहा-साडेदहाला कुणकेश्वर. मंदिर अगदी किनाऱ्यावर, भरतीला लाटा जवळजवळ पायऱ्यांपर्यंत येतात. दर्शन घ्या, ओल्या कपड्यांनी आत जाऊ नका. जेवण, सोलकढी, झोप. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा असते. जत्रेला यायचं तर जत्रेलाच या, त्या दिवशी हे चालणं जमत नाही.

दुपारी साडेतीननंतर गावकऱ्यांना विचारून सड्यावर जाणारी वाट धरा. सूर्यास्त वरून बघा, पण अंधार पडायच्या आत गावात परत. तासभर उजेड शिल्लक असतानाच उतरायला लागा.

९. सड्यावरचे सापळे

*चिरेखाणी.* जांभ्याचे चिरे काढलेल्या जुन्या खाणी. बाजू भिंतीसारख्या सरळ कापलेल्या, खोली दोन-तीन पुरुष, काठावर गवत वाढलेलं. काहींत पाणी साचलेलं असतं. गवतातून चालताना पुढे काठी टेकवत जायचं ते यासाठी.

*फुरसं.* कोकणच्या कातळावर हा विषारी साप खूप आहे. हातभर लांबीचा, दगडाच्याच रंगाचा. दगड उचलू नका, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत हात घालू नका, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नको. पूर्ण पँट याचसाठी सांगितली. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. माणसाला झोपवा, धीर द्या, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. भगताकडे नेण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

*आग.* गवत वाळलेलं, वारा समुद्राचा, शेजारी हापूसच्या बागा. एका काडीनं कुणाची वीस वर्षांची कलमं जातात. सड्यावर चूल नाही, शेकोटी नाही, सिगारेट नाही. याबाबतीत मी गटात कुणाचंच ऐकत नाही.

*बागा.* गडग्याच्या आतली जमीन खासगी असते. मोहर आला की फवारण्या चालू असतात, फळ धरलं की राखणदार आणि कुत्री. वाट बागेतूनच जात असेल तर हाक मारा. "काका, पलीकडं जायचं होतं, जाऊ का?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा स्वतः येऊन वाट दाखवतात. बेडं (बागेचं फाटक) उघडलं तर मागे लावून घ्या. पडलेला आंबासुद्धा न विचारता उचलू नका, इथे तो पीक असतो.

*कातळशिल्पं.* सड्यावर कधी दगडात कोरलेल्या रेघा, प्राणी, मानवाकृती दिसतील. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर अशी चित्रं शेकड्यांनी आहेत. त्यांतली काही ठिकाणं, आपल्या सिंधुदुर्गातलं कुडोपी धरून, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांवर बूट घालून उभं राहणं, खडूनं रेघा भरणं, पाणी ओतून फोटो काढणं, यातलं काहीही करू नका. नवीन काही दिसलं तर ग्रामपंचायतीत सांगा.

१०. राहणं

पुळणीवर तंबू ठोकू नका. रात्रीची भरती कुठवर येते ते परक्या माणसाला कळत नाही, शिवाय थंडीत या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, उजेड आणि गोंगाटानं ती मागे फिरतात. घरगुती निवासात राहा. आधी फोन करून किती माणसं, शाकाहारी किती, मांसाहारी किती ते सांगा. सकाळचे मासे त्या हिशेबानं घेतले जातात. आम्ही एकदा आठ सांगून पाचच गेलो, तेव्हा त्या घरातल्या मावशींनी उरलेल्याचे पैसे घ्यायला नकार दिला. ते पैसे आम्ही तरी ठेवून आलो आणि तेव्हापासून आकडा बदलला की आदल्या दिवशीच कळवतो.

११. दुसऱ्या खेपेला कुठं

कुणकेश्वरहून पुढे कातवण, मिठबाव, तांबळडेग असं दक्षिणेला जाता येतं. उत्तरेला विजयदुर्ग, गिर्ये, पडवणे. पडवण्याची पुळण दोन उंच बाजूंच्या मध्ये आहे, तिथे वरून आलेली वाट कुठे आहे ते ध्यानात ठेवूनच खाली उतरा. विजयदुर्ग तर कोल्हापूरकरांनी बघायलाच हवा. तो मूळ बांधला शिलाहार दुसऱ्या भोजानं, ज्याची राजधानी आपला पन्हाळा. म्हणजे पन्हाळ्यावरून हे बंदर राखलं जात होतं आणि घाट उतरून माणसं, माल ये-जा करत होते. किल्ल्याच्या तटावरून वाघोटन खाडीचं मुख बघताना हे आठवलं की आपण फार लांब आलोय असं वाटत नाही. त्याहून दक्षिणेला निवती-भोगवे. निवतीच्या किल्ल्यावरून दोन्हीकडच्या पुळणी दिसतात. तो टप्पा मी चौथ्या वर्षी केला, आधी करून उपयोग नव्हता.

१२. परतल्यावर

बूट त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा, आतून कागद भरून सावलीत वाळवा. खारं पाणी शिवणीत राहिलं की पुढच्या खेपेला तळ सुटतो. काठीची लोखंडी टोपी, बॅटरीचे सेल, शिट्टी पुसून ठेवा. पायाला कालवाची बारीक चीर गेली असेल तर ती लहान म्हणून सोडू नका, स्वच्छ धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं का ते डॉक्टरांना विचारा. आणि कॅलेंडरवर पुढच्या महिन्यांतल्या तृतीया, चतुर्थी, पंचमी कोणत्या शनिवार-रविवारी येतात त्यांवर आत्ताच खूण करा, कारण घरगुती निवासाच्या खोल्या डिसेंबरात लवकर भरतात.